क्नुट राजाची पोलिश आई

इंग्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे या तिन्ही देशांवर एकट्याने राज्य करणारा क्नुट युरोपच्या इतिहासातला बडा राजा. त्याची आई पोलंडची होती. ९६६ साली बाप्तिस्मा घेऊन पोलंडला ख्रिस्ती देशांच्या पंगतीत आणणाऱ्या म्येश्कोची ती मुलगी, पुढे पोलंडचा पहिला राजा झालेल्या बोलेस्वावची बहीण आणि डेन्मार्कच्या दुभंगी दाढीच्या स्वेन राजाची राणी. बाप, भाऊ, नवरा, मुलगे अशा सगळ्यांची नावं बखरींत ठसठशीत आहेत. तिचं मात्र तिच्या हयातीत कुणीही लिहून ठेवलेलं नाही!

तिच्याविषयी सर्वांत भरवशाची साक्ष देतो तो मेर्सेबुर्गचा बिशप थीटमार. तो वारला १०१८ साली, म्हणजे अगदी तिच्याच काळातला माणूस. हाराल्ड आणि क्नुट या भावांबद्दल लिहिताना तो त्यांच्या आईचं माहेर सांगतो आणि पुढे जाता जाता नोंदवतो, की नवऱ्याने तिला बराच काळ हाकलून दिलं होतं आणि तिने फार सोसलं. का हाकललं, ते सांगत नाही. थीटमारला बोलेस्वावचा मनस्वी राग होता; त्याच्या बहिणीचं दुःख त्याने तरीही टिपलं, म्हणून मला ही नोंद फार मोलाची वाटते.

आणि आता गंमत बघा. १०४० नंतर क्नुटची विधवा एम्मा हिच्या गौरवासाठी एक लॅटिन ग्रंथ लिहिला गेला. लिहिणारा फ्लँडर्समधला साधू. तो सांगतो, की १०१४ साली स्वेन वारल्यावर दोघे भाऊ स्लाव लोकांच्या मुलखात गेले आणि तिथे राहणाऱ्या आपल्या आईला परत घेऊन आले. एकाने तिची हकालपट्टी लिहिली, दुसऱ्याने घरवापसी, आणि दोन्ही तुकडे एकमेकांत नेमके बसतात. बाप जाताच मुलांनी आधी आईला आणलं, हे वाचून मन भरून येतं.

मग तिचं नाव? ते सापडतं इंग्लंडमध्ये, विंचेस्टरच्या मठात. प्रार्थनेत ज्यांचं स्मरण करायचं त्यांची नावं लिहिण्यासाठी तिथल्या साधूंनी १०३१ च्या सुमारास एक पुस्तक सुरू केलं. त्यात ‘आपल्या क्नुट राजाची बहीण’ म्हणून एक नोंद आहे: सान्त्स्लावे. डॅनिश राजघराण्यातल्या लेकीचं हे चक्क स्लाव नाव! ते आईकडूनच आलं असणार. घराण्यात नावं पुढे चालवायची रीत होती, म्हणून इतिहासकारांनी तर्क केला की आईचंही नाव हेच, पोलिश उच्चारात श्व्येंतोस्वावा. आज ती याच नावाने ओळखली जाते, आणि या नावाचा सगळा आधार लेकीच्या नावाची ती एकच नोंद आहे.

१०७० च्या दशकात लिहिणारा ब्रेमेनचा आदाम आणखी पुढे जातो. त्याच्या मते ती आधी स्वीडनच्या एरिक राजाची बायको होती, ओलोफ राजा तिचाच मुलगा. हे खरं धरलं तर स्वीडन, डेन्मार्क आणि इंग्लंड या तिन्ही गाद्यांवर तिचे मुलगे बसले. इतिहासकारांचा हा वाद अजून मिटलेला नाही.

त्यानंतर सुमारे दीड शतकाने आइसलँडमध्ये स्नोरी स्टुर्लुसन याने गर्विष्ठ सिग्रिडची कथा लिहिली. ही राणी मागणी घालायला आलेल्यांना घरासकट जाळते. बाप्तिस्म्याला नकार दिला म्हणून नॉर्वेचा ओलाव राजा तिला हातमोजा मारतो, तेव्हा ती त्याचा सूड घ्यायचं ठरवते आणि स्वेनशी लग्न करून तो घेते. कथा जबरदस्त आहे. पुष्कळांनी सिग्रिड म्हणजेच श्व्येंतोस्वावा असं मानलं. एल्झब्येता हेरेझिन्स्का यांची २०१६ सालची ‘हार्दा’ ही पोलिश कादंबरीही त्याच वाटेने जाते. पण स्नोरीची सिग्रिड एका स्वीडिश सरदाराची मुलगी आहे, आणि ख्रिस्ती म्येश्कोच्या लेकीने बाप्तिस्मा नाकारण्याचं कारणच काय? माझ्या मते सिग्रिड वेगळीच. म्येश्कोची खरी मुलगी थीटमारच्या त्या त्रोटक नोंदीतच आहे.