ग्रामीण चर्चवास्तू आणि कलामंच : एक विवेचन

ऐतिहासिक चर्चला कलामंचाचे रूप द्यावयाचे, तर तेथील उपासना थांबवावीच लागते, असा समज रूढ आहे. कॅथलिक धर्मसंहितेने (१९८३) मात्र दोन भिन्न मार्ग मानले आहेत. कलम १२२२ अन्वये उपासनेस निरुपयोगी झालेले चर्च बिशप लौकिक, परंतु हीन नव्हे अशा वापरास देऊ शकतात. कलम १२१० अन्वये उपासना चालू ठेवूनच, पावित्र्यास बाध न आणणारा अन्य वापर प्रसंगपरत्वे अनुज्ञेय ठरतो.

जुने गोवे येथील टेकडीवरचे 'अवर लेडी ऑफ द माउंट' हे कपेल दुसऱ्या मार्गाचे उदाहरण होय. सोळाव्या शतकात स्थापन झालेल्या या वास्तूच्या जीर्णोद्धारात फुंदासाव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेचा पुढाकार होता. पुढे तेथे संगीत महोत्सव भरू लागला. पाश्चात्त्य संगीत प्रामुख्याने आत आणि भारतीय संगीत-नृत्य प्रांगणात, ही त्याची योजना मार्मिक आहे. दगडी भिंतींत स्वर रेंगाळतो. समूहगानास ते पोषक, तबल्याच्या द्रुत बोलांस मारक.

घोडेगावनजीक (ता. नेवासा) वडाळा येथे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र होते. ही परंपरा प्रॉटेस्टंट असल्याने उपरोक्त संहिता तेथे लागू नाही. निर्णय मंडळीचा व विश्वस्तांचा. शिवाय नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तन एकोणिसाव्या शतकातच रुजले, रे. ना. वा. टिळकांच्या भजनांनी ते समृद्ध झाले. अशा ठिकाणी कीर्तनापासूनच आरंभ करणे सयुक्तिक. उपासनेचा वार, वेदीची मर्यादा व देखभालीचा खर्च यांचा लेखी करार मात्र आधी व्हावा. एरवी पहिला वाद बाके हलविण्यावरूनच उद्भवेल.