सहा आकड्यांचं अल्पायुषी गुपित

कार्डाचा नंबर गुप्त राहत नाही. तो दुकानदाराला दिसतो, हॉटेलातल्या वेटरला दिसतो, मागचे तीन आकडेही तिथेच छापलेले असतात. म्हणून ऑनलाइन व्यवहाराला कार्डावर नसलेली आणखी एखादी खूण हवी, असा दंडक रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९पासून लागू केला. सुरुवातीला त्यासाठी कायमचा पासवर्डही चालायचा. तो लोक विसरत किंवा डायरीत लिहून ठेवत. हळूहळू ओटीपीने, म्हणजे एकदाच चालणाऱ्या पासवर्डने, त्याची जागा घेतली.

सहा आकड्यांच्या १० लाख जुळण्या होतात. संगणकाला एवढ्या तपासणं म्हणजे किरकोळ काम. पण दोन-चार चुकांनंतर बँक दार लावून घेते आणि काही मिनिटांत तो आकडा बाद होतो.

एकदाच चालणाऱ्या पासवर्डची मूळ कल्पना मोबाईल सर्रास होण्याच्या आधीची आहे. लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९८१ साली एक देखणी युक्ती मांडली. एक गुप्त संख्या घ्यायची आणि तिच्यावर अशी गणिती प्रक्रिया हजारदा करायची, की उलट दिशेने मागे जाताच येणार नाही. हजारावं उत्तर सर्व्हरला द्यायचं. पहिल्यांदा आत शिरताना ९९९वं उत्तर पासवर्ड म्हणून पाठवायचं. सर्व्हर त्यावर एकदाच प्रक्रिया करून पाहतो. हजारावं उत्तर आलं, की माणूस खरा. पुढच्या वेळी ९९८वं, आणि ते ताडून पाहायचं सर्व्हरने जपलेल्या ९९९व्याशी. सर्व्हर फोडला तरी चोराच्या हाती लागतं ते वापरून झालेलं उत्तर.

ऑथेंटिकेटर ॲपची रीत निराळी. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करतो, तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये आणि सर्व्हरवर अशी दोन्हीकडे बसते. पुढे दोघांचं बोलणं होत नाही. दोघेही १ जानेवारी १९७०पासूनचा काळ ३० सेकंदांच्या तुकड्यांत मोजतात, चालू तुकड्याचा क्रमांक आणि किल्ली मिळून तेच गणित करतात आणि सहा आकडे काढतात. फोनला नेटवर्क नसलं तरी कोड येतो तो यामुळेच. घड्याळ किंचित मागेपुढे असेल, म्हणून बहुतेक सर्व्हर शेजारच्या तुकड्याचा कोडही चालवून घेतात.

अर्थात इथे किल्ली दोन जागी असते, आणि दुसरी जागा आपल्या ताब्यात नसते. मार्च २०११मध्ये आरएसए या अमेरिकी कंपनीत हॅकर घुसले. निमित्त होतं नोकरभरतीच्या नावाने आलेल्या ईमेलमधली एक्सेल फाइल. सतत नवा कोड दाखवणाऱ्या कंपनीच्या टोकनांशी संबंधित माहिती चोरीला गेली आणि काही आठवड्यांतच लॉकहीड मार्टिन या संरक्षण कंपनीवर हल्ला झाला.

एसएमएसने येणाऱ्या ओटीपीची दुखरी नस म्हणजे त्याची वाट. जर्मनीत २०१७मध्ये चोरांनी टेलिफोन कंपन्यांमधल्या जुन्या एसएस७ यंत्रणेतून ग्राहकांचे संदेश स्वतःकडे वळवून बँकखाती रिकामी केली. दुसऱ्याच्या नावाचं डुप्लिकेट सिम काढणं हा त्याहून सोपा मार्ग.

आपल्याकडच्या भामट्यांना बहुतेकदा एवढेही कष्ट पडत नाहीत. ते फोन करून ओटीपी विचारतात. ‘रिफंड अडकलाय, आलेला नंबर सांगा.’ त्या संदेशात रक्कम आणि पैसे कुणाला जाणार त्याचं नाव अनेकदा स्पष्ट लिहिलेलं असतं. घाईत वाचले जातात ते फक्त सहा आकडे.