दाराखालची फट बुजवताना

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या भागात थंडीही पाय पसरू लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर वसलेले आहे. त्यामुळे येथील हिवाळा कोकणापेक्षा अधिक बोचतो. पावसाळ्यात पश्चिमेकडून सह्याद्री ओलांडून ओला वारा येतो, तर हिवाळ्यात पूर्वेकडून कोरडा गार वारा वाहतो. शहापूर, वडगाव, खासबाग येथील पुष्कळ घरांचे दार थेट बोळात उघडते. अशा घरात रात्री जमिनीवर अंथरूण टाकले की दाराखालून येणारा वारा नेमका डोक्याला किंवा पायांना लागतो. लहान मुले व वृद्ध यांना त्याचा त्रास अधिक होतो.

ही फट दिसायला किरकोळ वाटते. पण हिशेब करून पाहावा. दार तीन फूट रुंद आणि फट अर्धा इंच उंच असेल, तर ते सहा इंच लांब व तीन इंच रुंद अशा भोकाएवढे होते. भिंतीला एवढे भोक पडले असते तर आपण ते दुसऱ्याच दिवशी बुजवले असते! शिवाय घरातील उबदार हवा हलकी होऊन वर जाते व कौलांमधून बाहेर पडते. तिची जागा घेण्यासाठी खालून थंड हवा आत ओढली जाते. म्हणूनच वाऱ्याचा झोत खालीच जास्त जाणवतो.

वाऱ्याबरोबर दुसरे पाहुणेही याच वाटेने येतात. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून उंदराचे पिल्लू आत शिरते. धान्याच्या खोलीचे दार तर यासाठी आधी तपासावे. उंदरांमागोमाग साप येतो. मण्यार हा अतिशय विषारी साप रात्री फिरतो व जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावल्याची जागा फारशी दुखत नाही की सुजत नाही, म्हणून पुष्कळदा ते कळतही नाही. संशय आला तरी मंत्र-तंत्रात वेळ न घालवता रुग्णाला थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. विंचवालाही अशी फट पुरते. जुन्या घरांत उंच उंबरठा होता, त्यामुळे हे सारे अडत असे. नव्या घरांत फरशी सरळ आतबाहेर जाते आणि दाराखाली फट राहते.

फट बुजवण्याचे काही सोपे उपाय असे :

१. वाळूची पिशवी. दाराच्या रुंदीपेक्षा दोन इंच लांब व मनगटाएवढी जाड अशी कापडाची नळी शिवावी. जुन्या लुगड्याचे किंवा वाकळेचे दुपदरी कापड चालेल. आत कोरडी चाळलेली वाळू आणि शिंप्याकडील चिंध्या भराव्यात. नुसत्या चिंध्या भरल्या तर पिशवी वाऱ्याने सरकते. ही पिशवी रात्री दाराशी आतून लावावी. सकाळी झटकून उन्हात टाकावी, नाहीतर तिच्याखालीच विंचू बसायचा.

२. रबराची पट्टी. सायकलीची किंवा ट्रकची जुनी ट्यूब उभी कापून तिची पट्टी काढावी. दाराच्या खालच्या कडेला आतून ती लहान चुकांनी ठोकावी. पट्टी जमिनीला जेमतेम टेकावी. फार लांब झाली तर दार अडते व पट्टी लवकर फाटते.

३. पत्र्याची पट्टी. जेथे उंदीर दार कुरतडतात तेथे रबर टिकत नाही. तेथे दाराच्या तळाला चार-सहा इंच रुंदीचा पत्रा मारावा. त्याच्या कडा दुमडून घ्याव्यात, म्हणजे मुलांच्या पायांना लागणार नाहीत.

४. उंबरठा. गवंडी घरी आलाच असेल तर सिमेंटचा किंवा दगडाचा इंच-दीड इंचाचा उंबरठा घालून घ्यावा. हा उपाय सर्वांत टिकाऊ. मात्र घरात अधू किंवा वृद्ध माणूस असेल तर तो ठेचकाळणार नाही असा उतार द्यावा. शेतघराच्या उंबरठ्याखाली घुशीचे बीळ असेल, तर त्यात काचांचे तुकडे व सिमेंट भरून मगच वरचे काम करावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फट बुजवायची ती वारा अडवण्यासाठी. खोली डबाबंद करण्यासाठी नव्हे. कौलारू घर वरून श्वास घेते. त्याची खालची फट बंद केली तरी कौलांमधून हवा खेळते. स्लॅबच्या घराचे तसे नाही. काचेच्या खिडक्या लावल्या की पुष्कळदा दाराखालची फट हीच हवेची शेवटची वाट उरते. तीही बुजवली आणि आत शेगडी पेटवली, तर ती खोली जीवघेणी ठरते.

हे विशेष करून बाळंतिणीच्या खोलीबद्दल सांगायचे आहे. बाळाला वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद करायच्या, फटीत फडकी कोंबायची आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, अशी पद्धत अजून काही घरांत आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर नसला म्हणजे धोका नाही, ही समजूत चुकीची आहे. लाल, निर्धूर निखाऱ्यातूनही हा वायू येतो. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो. डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते, आणि झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही. “आम्हाला नाही का अशीच शेगडी दिली?” असे आजी म्हणतील. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्यांचे घर कौलारू होते.

बाळाला ऊब हवीच. ती टोपडे, सुती कपड्यांचे दोन-तीन पदर आणि आईचे अंग यांतून द्यावी. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा येथे डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत सुरू केली. आज जगभर ती वापरली जाते. शेकायचेच असेल तर शेगडी बाहेर ठेवून कापड तेथे गरम करावे. ओवा-शेपाची धुरी बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही, ती टाळावी.

आणखी तीन ठिकाणी फट बुजवू नये. स्वयंपाकघरात गॅसची टाकी असेल तर तेथील खालची वाट मोकळी ठेवावी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. न्हाणीघरात बंब किंवा गॅसचा गिझर पेटत असेल तर तेथेही हवा येती-जाती हवी. गोठ्यात तर वरून-खालून हवा खेळलीच पाहिजे, नाहीतर मुताच्या उग्र वाफेने जनावरांना खोकला लागतो.

प्रत्येक निजण्याच्या खोलीत वर, छताजवळ, जाळी लावलेला एक झरोका कायम उघडा असावा. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर खिडकीही उघडी ठेवावी. बंद खोलीत शेगडीजवळ कोणी गुंगलेला आढळला, तर प्रथम दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नाताळपूर्वी आपण घरे रंगवतो, गोठा सजवतो. युवकांनी त्याच दिवसांत आपल्या बोळातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दारांकडेही एकदा पाहावे. एक जुनी ट्यूब, मूठभर चुका आणि अर्धा तास एवढेच त्याला लागते. काम झाल्यावर वरचा झरोका उघडा आहे ना, एवढे पाहूनच निघावे.