सराईचा भठियारा

मोगलकाळात उत्तर हिंदुस्थानातील राजमार्गांवर वाटसरूंच्या मुक्कामासाठी सराया असत. तटाच्या आत मोठा चौक आणि त्याभोवती कोठड्यांच्या ओळी, अशी त्यांची रचना होती. या सराईत राहून प्रवाशाला खाट देणारा, त्याचे अन्न रांधणारा आणि त्याच्या घोड्याच्या चारापाण्याची सोय लावणारा तो भठियारा. शब्दाचे मूळ भट्टीत आहे, आणि ते योग्यच म्हटले पाहिजे, कारण दिवसभराची वाट तुडवून आलेल्या माणसाला भिंतींपेक्षा पेटलेल्या चुलीची गरज अधिक असते.

शेरशाह सूर याने (कारकीर्द 1540 ते 1545) आग्र्याहून बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या रस्त्यासह अनेक मार्गांवर सराया बांधल्या. अकबराच्या काळात शेरशाहचा इतिहास लिहिणारा अब्बास खान सरवानी त्यांची संख्या 1700 देतो आणि तेथे हिंदू व मुसलमान प्रवाशांची सोय वेगवेगळी असे, असेही नोंदवतो. भठियाऱ्यांच्या जमातीत पुढे शेरशाही आणि सलीमशाही असे दोन पोटभेद मानले जात, म्हणजे आपल्या व्यवसायाचा उगम ही माणसे शेरशाह आणि त्याचा मुलगा सलीमशाह यांच्याशी जोडत होती. सतराव्या शतकात निकोलाओ मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने सराईची शिस्त वर्णिली आहे: संध्याकाळी दरवाजे बंद होत, सकाळी ते उघडण्यापूर्वी ज्याने त्याने आपली चीजवस्तू तपासावी अशी तीनदा हाळी दिली जाई, आणि कोणाचे काही हरवले असल्यास ते सापडेपर्यंत कोणालाही बाहेर सोडत नसत.

या व्यवसायात स्त्रियांचा वाटा मोठा होता. 1630 च्या सुमारास हिंदुस्थानात फिरलेल्या पीटर मंडी या इंग्रजाने सराईत रांधणाऱ्या आणि खाटा पुरवणाऱ्या बायकांची नोंद केली आहे. असे असूनही हिंदी-उर्दूत ‘भठियारिन’ हा शब्द कजाग, भांडखोर बाईसाठी रूढ झाला, आणि ‘भठियारखाना’ म्हणजे गोंगाटाची, हलक्या लोकांची जागा असा अर्थ पसरला. परक्या पुरुषांच्या गर्दीत दरासाठी आणि हिशेबासाठी ज्यांना रोज आवाज चढवावा लागे, त्यांच्या कष्टांवर भाषेने केलेला हा उघड अन्याय आहे.

मराठीने मात्र यातली चूल तेवढी राखली. खाणावळीच्या किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघराला ‘भटारखाना’ म्हणतात, तो शब्द याच कुळातला असून तेथील ‘भटार’ ऐकून अनेकांना वाटतो तसा त्याचा भटाशी संबंध नाही.