गाडी उंच केली म्हणजे मजबूत झाली का?

मागच्या आठवड्यात आम्ही रेकॉर्डर घेऊन मंडईत गेलो होतो, ते खरं तर श्रावणातल्या भाज्यांविषयी विचारायला. पण टोमॅटो विकणाऱ्या एका मावशींनी आम्हालाच प्रश्न टाकला. त्यांच्या मुलाने जुनी पण महागडी, मोठी एसयूव्ही घेतली आहे. शनिवार-रविवार पाहुण्यांना पानशेत, वेल्हे, तोरण्याच्या पायथ्याकडच्या कच्च्या रस्त्यांनी फिरवायचं, असा त्याचा बेत. पण गाडी रात्री सरळ उभी असते आणि सकाळी मागच्या एका कोपऱ्यात बसलेली दिसते. गॅरेजवाला म्हणतो, सस्पेन्शन बदलून कडक करू, गाडी उंच करू. मावशींची भिशी नुकतीच लागली आहे. "देऊ का नको, एवढंच सांगा," म्हणाल्या.

आम्ही काही मेकॅनिक नाही. मग दोन दिवस जाणत्यांना विचारत फिरलो. जे कळलं ते सांगतो.

सस्पेन्शन समजायला लांब जायला नको, मंडईतला हमाल बघा. डोक्यावर पोतं घेऊन तो पायरी उतरतो तेव्हा गुडघे जरा वाकवतो. वाकणं हे स्प्रिंगचं काम. वाकल्यावर तो चेंडूसारखा उसळत नाही, सावकाश सरळ होतो. हे शॉकॲब्सॉर्बरचं काम, गॅरेजात ज्याला शॉकअप म्हणतात. आता त्या हमालाच्या गुडघ्यांना फळ्या बांधल्या तर? पाय कडक होतील, पण दुसऱ्याच पायरीला पोतं खाली येईल. कडक आणि मजबूत यांत आपण इथेच गल्लत करतो.

मार्केट यार्डातून माल घेऊन येणारे टेम्पो तुम्ही रोज बघता. त्यांना मागे पोलादी पाटे असतात, एकावर एक. जास्त माल भरता यावा म्हणून कुणी एखादा पाटा वाढवतो. भरलेला टेम्पो मग मागे बसत नाही, हे खरं. पण रिकामा परतताना तो खड्ड्याखड्ड्याला उडतो आणि ब्रेक दाबला की मागचं चाक घसरू बघतं. शिवाय पाटा वाढवला म्हणून ब्रेक मोठे होत नाहीत, ॲक्सल जाड होत नाही, आणि आरसीवर लिहिलेलं वजनही तेवढंच राहतं.

कच्च्या रस्त्यावर तर कडकपणा आणखी नडतो. सारवलेल्या ओबडधोबड जमिनीवर चौरंग ठेवून बघा, तीन पाय टेकतात, चौथा अधांतरी. कडक सस्पेन्शनची गाडी दगडधोंड्यांत तशीच उभी राहते. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत नेमकं ते अधांतरी चाकच गरगर फिरत बसतं आणि गाडी हलत नाही. म्हणून अशा वाटेला स्प्रिंगला खालीवर व्हायला भरपूर वाव हवा, आणि तिला आवरणारा चांगला शॉकअप हवा.

मावशींच्या गाडीला मात्र ना पाटे ना पोलादी स्प्रिंग. तिला हवेचं सस्पेन्शन आहे. प्रत्येक चाकापाशी रबराचा जाड फुगा, त्यात हवा भरणारा छोटा कॉम्प्रेसर, आणि गाडी किती उंच आहे ते सांगणारे सेन्सर. बटण दाबलं की गाडी वर उचलते, हमरस्त्यावर पुन्हा खाली येते. अशा ऐटबाज गाड्या आता परक्या राहिल्या नाहीत. जग्वार लँड रोव्हरच्या गाड्यांची जुळणी २०११ पासून आपल्या पुण्यातच होते. पण रबर ते रबर. वर्षांनी ते चिरतं आणि हवा हळूहळू गळते. म्हणजे रात्रीतून एका कोपऱ्यात बसणारी गाडी अशक्त आहे असं नाही, बहुतेक तिची हवा जाते आहे. आणि गळती तशीच ठेवली तर कॉम्प्रेसर सारखा चालून जळतो. मग खर्च दुप्पट.

गळती शोधायची रीत सायकलच्या ट्यूबसारखीच. फुग्यावर आणि नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतात का बघायचं. एक मात्र ऐका: नुसत्या जॅकवर किंवा हवेवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. खाली पक्के स्टँड हवेतच, आणि हे काम मेकॅनिकनेच करावं.

फुगे काढून पोलादी स्प्रिंगा बसवता येतात, आणि पुढे दुरुस्तीची कटकट कमी होते, हे आम्ही नाकारत नाही. पण उंची बदलायची सोय जाते, आणि गाडीचा कॉम्प्युटर समजावून घेतला नाही तर समोर इशाऱ्याचा दिवा पेटलेलाच राहतो. वरून गाडी नेहमीसाठी उंच केली, तर वळणावर ती जास्त कलते, ॲक्सलचे सांधे वाकड्या कोनात फिरून लवकर झिजतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. घाटातल्या वळणांवर पाहुणे बसवून न्यायचे आहेत, तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नका. कायद्याचंही आहे. गाडीची मूळ रचना कंपनीने ठरवली त्यापेक्षा वेगळी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते.

मग पैसे घालायचे कुठे? आधी गळका फुगा. मग खालच्या दांड्यांच्या टोकाला असणारे रबरी बुश आणि बॉलजॉइंट. खडखड येते ती बऱ्याचदा इथूनच. शॉकअपवर तेल ओघळलेलं असेल तर तो गेला समजा, आणि बदलायचा तर एकाच ॲक्सलची जोडी बदला. मग खडबडीत नक्षीचे टायर, पण मूळ मापाचेच. टपावरच्या कॅरिअरमध्ये सामान कोंबायचं बंद केलं तर एक पैसा न घालता सस्पेन्शनला आराम मिळतो! सुटे भाग नाना पेठेत मिळतात, फक्त पक्कं बिल मागून घ्या.

हे सगळं मावशींना सांगितलं. मुलगा शेजारीच उभा होता, गाडी उंच करण्याचं खूळ काही त्याच्या डोक्यातून गेलेलं दिसलं नाही. मावशींनी आमच्यादेखत त्याला विचारलं, "पाहुण्यांकडनं भाडं घेणार ना? मग पिवळी पाटी कुठंय?" टॅक्सीचा परवाना काढलेला नव्हता. फुग्याचे पैसे त्या देणार आहेत, पण परवान्याचा अर्ज दाखवल्यावर.