हौदाला ठिगळ

हौद म्हटला की तो दगडी, चौकोनी आणि जमिनीत बांधलेला, अशी माझी पक्की समजूत होती. ज्याचे बालपण पुण्याच्या पेठेत गेले, त्याची दुसरी कशी असणार? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्याचे पाणी भुयारी नळाने शहरात आणले आणि जागोजाग हौद भरले. आमच्या वाड्यातही एक हौद होता. तो गळू लागला की वडील मंडळी तो उपसून कोरडा करीत, गवंडी येऊन भेगा भरी, आणि चार दिवसांनी पुन्हा पाणी. ज्ञानाची एवढीच शिदोरी घेऊन मी गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीला लेकीच्या घरी उतरलो.

तिच्या परसात पोहण्याचा हौद आहे. पण तो जमिनीत नाही, जमिनीवर उभा आहे! खाली वाळूचा दोन इंची थर, त्यावर पोलादी पत्र्याचे गोल कडे आणि आत निळ्या व्हिनाइलचे अस्तर. व्यास १८ फूट, पाणी ४ फूट. मी हिशेब केला, तेव्हा सुमारे २८,८०० लिटर पाणी भरले. म्हणजे जवळजवळ २९ टन वजन. पत्रा फक्त आकार सांभाळतो. पाणी अडवते ते अस्तर, आणि त्याची जाडी अवघी अर्धा मिलिमीटर!

हे व्हिनाइल मुळात कडक आणि ठिसूळ. १९२६ साली वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने त्यात दुसरी द्रव्ये मिसळून ते रबरासारखे लवचिक केले. मात्र ऊन आणि क्लोरीन खाऊन हा मऊपणा वर्षागणिक कमी होत जातो. लेकीच्या हौदाचे अस्तर तर नऊ उन्हाळे पाहिलेले होते.

जुलैत पाणी रोज थोडे थोडे उतरू लागले. जावईबापू म्हणाले, "वाफ होत असेल." आमची सौ. म्हणाली, "पोरे उड्या मारतात, सांडत असेल." मी मात्र मनाशी निदान करून टाकले. सहा महिन्यांच्या परवानगीवर आलेल्या सासऱ्याला परदेशात काम ते काय? गाडी चालवता येत नाही, बाजार एकट्याने करता येत नाही. म्हटले, येथे तरी उपयोगी पडू.

दुसऱ्या दिवशी जावईबापू कामावर जाताच मी बागेची रबरी नळी हौदात सोडली. दुसऱ्या टोकाने ओढ काढताना क्लोरीनचा एक घोट पोटात गेला, पण पाणी उताराकडे झुळझुळ वाहू लागले. तिसऱ्या प्रहरी जावईबापू लवकर परतले, तेव्हा चांगले चार बोटे पाणी उतरले होते.

"बाबा, थांबा!" म्हणत त्यांनी धावत येऊन नळी उपसली. मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून माझ्या पायांखालची हिरवळ सरकली. जुने अस्तर एकदा कोरडे पडले की उन्हात आकसते, आणि पुन्हा भरताना फाटते. शिवाय पत्र्याचे ते कडे पाण्याच्या भारानेच ताठ राहते. रिकाम्या हौदाला वाऱ्याचा एक जोराचा झोत मुडपून टाकू शकतो. मी दुरुस्तीला निघालो होतो की मोडीत काढायला?

ते रागावले असते तर बरे झाले असते. ते फक्त एवढेच म्हणाले, "जाऊ द्या. यंदा हा हौद काढूनच टाकू." दारात अकरा वर्षांचा नातू उभा होता. तो काही बोलला नाही. पाठ फिरवून आत गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी मी नातवाला बोलावले. म्हटले, "हौद गळतो की नाही, हे आधी सिद्ध करू." एक बादली हौदाच्याच पाण्याने भरून शिडीच्या पायरीवर अर्धी बुडेल अशी ठेवली आणि आत वीट घातली. बादलीच्या आत आणि बाहेर पाण्याच्या पातळीला खूण केली. ऊन आणि वारा दोन्ही पाण्यांना सारखाच. तेव्हा वाफही सारखीच व्हायची. चोवीस तासांनी बादलीतले पाणी पाव इंच उतरले होते, हौदाचे सव्वा इंच. वाफ पाव इंच. उरलेला इंच गळतीचा! या हौदाचा एक इंच म्हणजे सुमारे ६०० लिटर.

माझ्या मूर्खपणाचा एक फायदा असा झाला, की पाणी आधीच गाळणीच्या तोंडाखाली गेले होते. तरीही गळती चालू, अर्थात दोष तेथे नव्हता. पाणी परत येण्याच्या नळाचा सांधाही बाहेरून कोरडा होता. राहिले अस्तर.

लहानपणी सायकलची ट्यूब घंगाळात बुडवून आम्ही पंक्चर शोधीत असू. बुडबुडा आला की भोक सापडले. येथे उलटा मामला! पाणीच बाहेर जाते, बुडबुडा कोठून येणार? तेव्हा लेकीच्या फडताळातला जिलबीचा केशरी रंग कामी आला. पंप बंद ठेवून पाणी अगदी निवांत होऊ दिले. मी छातीभर पाण्यात उभा. नातू चष्मा लावून बुडी मारी आणि संशयाच्या जागी दोन-दोन थेंब सोडी. शिवणीपाशी रंग नुसताच तरंगत राहिला. पण शिडीच्या डाव्या पायाशी? केशरी धागा सरळ तळाकडे ओढला गेला आणि दिसेनासा झाला. नातू वर येऊन ओरडला, "आजोबा, पाणी रंग पितंय!"

शिडीच्या पायाचे रबरी टोपण निघाले होते. उघड्या कडेने अस्तर घासून तांदळाएवढे छिद्र पडले होते. पायाने चाचपले तर खालची वाळू वाहून जाऊन खळगा पडू लागलेला. आणखी महिनाभर दुर्लक्ष झाले असते, तर काय झाले असते देव जाणे.

पाण्याखाली चिकटणारा डिंक आणि व्हिनाइलचा तुकडा दुकानात मिळतो. छिद्राच्या चहूबाजूंनी दोन-दोन इंच जास्त येईल असा चौकोन मी कापला. तेवढ्यात सौ. म्हणाली, "अहो, कोपरे गोल करा. गोधडीचे ठिगळ कोपऱ्यातूनच आधी उसवते." डिंकाच्या डबीवरही नेमके हेच लिहिले होते!

डिंक लावून तुकड्याची विड्याच्या पानासारखी आत घडी घातली, पाण्याखाली नेऊन छिद्रावर उलगडली, आणि मध्यापासून कडांकडे दाबत आतले पाणी काढून टाकले. त्यावर वाळूची पिशवी ठेवली, ती चोवीस तास. शिडीच्या पायाला नवे टोपण बसवले आणि खाली व्हिनाइलची जाड घडी दिली.

मग पुन्हा बादली. दुसऱ्या दिवशी चौघेजण हौदाभोवती, परीक्षेचा निकाल लागावा तसे! आतली खूण पाव इंच, बाहेरची खूण पाव इंच. जावईबापूंनी दोनदा पट्टी लावून पाहिली, आणि काही न बोलता बागेचा नळ सोडून हौद भरायला घेतला. हौद काढण्याची भाषा मागे पडली. मात्र पोहणे आटोपले की शिडी उचलून कुलूप लावायचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले. लहान मुलांच्या घरी तो नियम कडक असतो.

पुण्यास परतल्यावर पाहतो तो आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी गळत होती. सभेत सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, "आधी एक बादली आणा." पण ही टाकी सिमेंटची. ती मात्र वडिलांच्या पद्धतीने उपसूनच दुरुस्त केली.