जनरेटरचं कूलंट जातं तरी कुठे?

बोटीच्या जनरेटरखाली थेंबही नाही, तरी कूलंट रोज कमी होतंय? संशय आधी हीट एक्स्चेंजरवर घ्या. त्यातल्या नळ्यांमधून समुद्राचं पाणी वाहतं, बाहेरून दाबाखालचं कूलंट. नळीला भोक पडलं की कूलंट खाऱ्या पाण्यात मिसळून एक्झॉस्टवाटे थेट समुद्रात!

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर लावा. झाकणावर छापलाय तेवढाच दाब द्या. काटा उतरला, तर गळती नक्की. होस क्लिप तपासा. वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्रापाशी वाळलेला रंगीत थर दिसला, तर पंपाचं सील गेलंय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ? मग जनरेटर सुरूच करू नका.

बाहेर काहीच सापडलं नाही, तर एक्स्चेंजर उतरवून वेगळा तपासा. अनेक एक्स्चेंजरमध्ये झिंक अ‍ॅनोड असतो. तो झिजून संपला की खारं पाणी नळ्याच खायला लागतं.